अडकलेला प्रोग्रॅम अर्जात लिहावा का?

प्रश्न: मी बारावीत असून मला संगणकाशी संबंधित पदवीसाठी अर्ज करायचे आहेत, त्यांतील काही विद्यापीठे परदेशातील आहेत. गणित मला आवडते, पण माझी प्रोग्रॅमिंगची सुरुवात गेल्याच वर्षीची आहे आणि माझ्याबरोबर अर्ज करणारे काही जण लहानपणापासून प्रोग्रॅम लिहीत आहेत. ऑनलाइन अभ्यासक्रमांची बरीच प्रमाणपत्रे माझ्याकडे आहेत. स्वतः केलेले काम मात्र एकच आहे: आमच्या बुद्धिबळ मंडळासाठी, प्रत्येक खेळाडू प्रत्येकाशी एकदाच खेळेल अशा जोड्या लावून देणारा प्रोग्रॅम. प्रत्येक फेरीत, जोडी न लागलेला सर्वांत लहान क्रमांकाचा खेळाडू घ्यायचा आणि ज्याच्याशी तो अद्याप खेळलेला नाही अशा, उरलेल्यांपैकी सर्वांत लहान क्रमांकाच्या खेळाडूशी त्याची जोडी लावायची, अशी त्याची रीत आहे. चार आणि आठ खेळाडूंसाठी तो नीट चालतो, पण सहा खेळाडू असले की अडकतो. असे अर्धवट काम अर्जात लिहावे का, की प्रमाणपत्रांची यादी द्यावी? अर्जासोबत स्वतःविषयी द्यावे लागणारे निवेदन चॅटबॉटकडून लिहून घेतले तर चालेल का? आणि संगणक विज्ञान, संगणक अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान, सॉफ्टवेअर अभियांत्रिकी, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा इतक्या नावांच्या पदव्यांतून निवड कशी करावी?

उत्तर: तुमचा प्रोग्रॅम अर्जात अवश्य लिहावा आणि निवेदनाचा मोठा भाग त्यालाच द्यावा, असे माझे मत आहे; मात्र तो का अडकतो हे समजून घेतल्यावरच लिहावा. ‘सहा खेळाडू असताना चालत नाही’ एवढेच लिहिले तर ती तक्रार होईल. कोठे आणि कशामुळे अडकतो हे लिहिले, तर वाचणाऱ्या प्राध्यापकाला तुमच्या विचाराची पद्धत दिसेल, आणि प्रवेशाच्या अर्जात गुणपत्रकाबाहेर त्याला पाहायचे असते ते हेच.

सहा खेळाडूंच्या जोड्या तुमच्याच रीतीने कागदावर लावून पाहा. पहिल्या फेरीत एक आणि दोन, तीन आणि चार, पाच आणि सहा अशा जोड्या लागतात. दुसऱ्या फेरीत एकची जोडी तीनशी लागते, दोनची चारशी लागते आणि मग पाच व सहा हे दोघेच उरतात, जे पहिल्या फेरीत एकमेकांशी खेळून झालेले आहेत. म्हणजे प्रत्येक पावलावर केलेली निवड नियमाप्रमाणे बरोबर होती, तरीही सगळ्या निवडी मिळून फेरी पूर्ण होऊ शकली नाही. समोर दिसणारा सर्वांत सोयीचा पर्याय दर वेळी उचलायचा आणि मागे वळून पाहायचे नाही, अशा रीतीला संगणक विज्ञानात ग्रीडी अल्गोरिदम म्हणतात. काही प्रश्नांना ती रीत अचूक उत्तर देते: अनेक ठिकाणे कमीत कमी लांबीच्या तारांनी एकमेकांना जोडायची असतील, तर वर्तुळ तयार होणार नाही एवढे पाहून दर वेळी सर्वांत आखूड तार निवडत गेले तरी चालते, हे जोसेफ क्रुस्कल यांनी 1956 मध्ये सिद्ध केले. तुमच्या प्रश्नात मात्र ती अडकते. ही रीत कोठे चालते आणि कोठे चालत नाही हे सिद्ध करून दाखवणे हा पदवीच्या अल्गोरिदमविषयक अभ्यासक्रमाचा गाभ्याचा भाग असतो, आणि तुम्ही त्या प्रश्नाला कोणी न शिकवता येऊन धडकला आहात.

यातून बाहेर पडण्याचे निदान दोन मार्ग आहेत. एक म्हणजे अडकल्यावर मागे येऊन आधीची जोडी बदलून पाहणे, ज्याला बॅकट्रॅकिंग म्हणतात. ही रीत उत्तर शोधून काढते, पण खेळाडू वाढले की किती वेळ घेईल याचा विचार करावा लागतो. दुसरा मार्ग स्पर्धांचे आयोजक फार पूर्वीपासून वापरत आले आहेत: सर्व खेळाडू दोन समोरासमोरच्या ओळींत मांडायचे, पहिल्याला जागेवर ठेवायचे आणि बाकीच्यांना प्रत्येक फेरीनंतर एकेक जागा पुढे सरकवायचे. अशा रीतीने सहा खेळाडूंचे पंधरा डाव पाच फेऱ्यांत बसतात आणि कोणतीही जोडी दोनदा येत नाही; ती का येत नाही, याची सिद्धता तुमच्या सध्याच्या गणितात बसण्यासारखी आहे. खेळाडू विषम असतील तर एक कल्पित खेळाडू घ्यायचा आणि त्याच्याशी ज्याची जोडी लागेल त्याला त्या फेरीत विश्रांती द्यायची.

सहाचे कारण मी येथे सांगून टाकले असल्यामुळे तो शोध आता पूर्णपणे तुमचा राहिलेला नाही, आणि तो अर्जात तसा दाखवूही नये. म्हणून त्याहून रंजक असा दुसरा प्रश्न तुमच्यासाठी मुद्दाम राखून ठेवत आहे. तुमचा प्रोग्रॅम आठ खेळाडूंसाठी मुळात का चालतो? तो सोळांसाठीही चालेल. दहा खेळाडूंसाठी दुसऱ्या फेरीत आणि बारा खेळाडूंसाठी चौथ्या फेरीत अडकेल. खेळाडूंना एकऐवजी शून्यापासून क्रमांक द्या, ते द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 हे अंक वापरून लिहा आणि आठ जणांच्या सातही फेऱ्यांच्या जोड्या त्यांशेजारी मांडून पाहा. जे दिसेल ते स्वतःच्या शब्दांत लिहा. त्याची पूर्ण सिद्धता जमली नाही तर ‘एवढे दिसले, एवढे सिद्ध करता आले नाही’ असे लिहिण्यात काहीही कमीपणा नाही. उलट आपल्याला काय कळले नाही हे नेमके सांगता येणारा अर्जदार शिकवणाऱ्याला हवासा वाटतो.

निवेदनाच्या रचनेबद्दल एक आधार हाताशी आहे. ब्रिटनमधील विद्यापीठांचे पदवी प्रवेश यूकॅस या एकाच संस्थेमार्फत होतात आणि बहुतेक अर्जदारांना त्यात पाचपर्यंत पर्याय देता येत असले, तरी निवेदन सर्वांसाठी एकच असते. 2026 च्या प्रवेशांपासून त्या निवेदनाचे तीन प्रश्नांत विभाजन करण्यात आले आहे: हा विषय का शिकायचा आहे, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली आहे, आणि शिक्षणाबाहेर कोणती तयारी केली व ती उपयोगी का आहे. तिन्ही उत्तरे मिळून 4,000 अक्षरचिन्हांची मर्यादा आहे आणि तीत रिकाम्या जागाही मोजल्या जातात. तुम्ही तेथे अर्ज करणार नसाल तरी हे तीन प्रश्न समोर ठेवूनच निवेदनाचा कच्चा मसुदा लिहावा, कारण अन्यत्रही अनेक ठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत हेच विचारले जाते. तिसऱ्या प्रश्नातील ‘ती उपयोगी का आहे’ हा भाग अर्जदार सर्वांत जास्त विसरतात. प्रोग्रॅम लिहिला, स्पर्धेत भाग घेतला, शिबिराला उपस्थित राहिलो असे सांगून ते थांबतात, आणि त्या कामातून विचारात काय बदल झाला ते वाचणाऱ्याने ओळखून घ्यावे अशी अपेक्षा ठेवतात.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठे स्वीकारत असलेल्या कॉमन ॲप या अर्जातील मुख्य निबंध वेगळ्या स्वभावाचा असतो. त्याची मर्यादा 650 शब्दांची आहे आणि त्यातून विषयापेक्षा व्यक्ती दिसावी अशी अपेक्षा असते. ब्रिटनसाठी लिहिलेले निवेदन तेथे जसेच्या तसे चिकटवू नये. बुद्धिबळाच्या जोड्यांचा तपशील, एखाद्या विद्यापीठाने ‘हाच विषय का’ असा पूरक प्रश्न विचारला असेल, तर तेथे शोभेल.

पहिले वाक्य ‘लहानपणापासून मला संगणकाची ओढ होती’ किंवा ‘आजच्या युगात तंत्रज्ञानाला पर्याय नाही’ असे नसावे. तुमच्या बाबतीत पहिले विधान खरेही नाही आणि दुसरे कोणाच्याही निवेदनात बसते. मंडळाला जोड्या हव्या होत्या आणि सहा जण आले की प्रोग्रॅम थांबत होता, येथूनच सरळ सुरुवात करावी.

चॅटबॉटबद्दल माझे मत कडक आहे. निवेदन किंवा त्याचा मोठा भाग अशा साधनाकडून लिहून घेऊन स्वतःचा म्हणून देणे ही फसवणूक मानली जाऊ शकते, असे यूकॅसने स्पष्टपणे कळवले आहे, आणि ती संस्था आलेली निवेदने आधीच्या निवेदनांशी ताडूनही पाहते. नियम बाजूला ठेवले तरी एक व्यावहारिक अडचण उरतेच. ज्या विद्यापीठांत मुलाखत होते, तेथे निवेदनातील एखादे वाक्य उचलून ‘हे जरा समजावून सांगा’ असे म्हटले जाते, आणि दुसऱ्याने लिहिलेले वाक्य समजावून सांगणे फार अवघड जाते. शुद्धलेखन तपासणे, एखादी संज्ञा समजून घेणे, आपल्या युक्तिवादातील त्रुटी विचारणे यासाठी हे साधन वापरण्यास माझी हरकत नाही, फक्त त्या त्या विद्यापीठाचा नियम आधी वाचावा. प्रोग्रॅम लिहितानाही अशी मदत घेतली असेल तर कोणत्या भागासाठी घेतली ते एका वाक्यात सांगून टाकावे.

प्रमाणपत्रांची यादी देऊ नये. चित्रफिती पाहून आणि पर्यायी प्रश्न सोडवून मिळणारी प्रमाणपत्रे हजारो अर्जदारांकडे असतात, आणि त्यांतून चिकाटीपलीकडे फारसे काही कळत नाही. ज्या एखाद्या अभ्यासक्रमातील कल्पना तुम्ही नंतर स्वतःच्या कामात वापरली असेल, त्याचा उल्लेख त्या कामाच्या ओघात करावा; बाकीच्यांसाठी अर्जात स्वतंत्र रकाना असेल तरच ती तेथे नोंदवावीत.

उशिरा सुरुवात झाल्याची जी भीती तुम्हाला वाटते, ती मला अवाजवी वाटते. संगणक विज्ञानाच्या पदवीसाठी अनेक नामांकित विद्यापीठे आधीच्या प्रोग्रॅमिंगची अट घालत नाहीत, गणिताची मात्र घालतात. केंब्रिजमध्ये या विषयासाठी प्रवेशापूर्वी द्यावी लागणारी परीक्षा गणिताची आहे. तेथील पहिल्या वर्षाच्या आरंभीचा अभ्यासक्रम ओकॅमल या प्रोग्रॅमिंग भाषेत शिकवला जातो, जी बहुतेक विद्यार्थ्यांनी आधी वापरलेली नसते, त्यामुळे पायथॉन या प्रचलित भाषेत पाच वर्षे काढलेल्यालाही वेगळ्या पद्धतीने विचार करायला शिकावे लागते. पहिल्या सत्रात तुमच्या सोबत्यांना थोडी आघाडी मिळेल हे खरे. पण पुढे तर्कशास्त्र, संचसिद्धान्त, गणिती विगमन (विधान पहिल्या संख्येसाठी खरे दाखवून एकेका पावलाने पुढच्या सर्व संख्यांपर्यंत नेण्याची रीत), आलेख (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची जाळी) आणि मोजणीची तंत्रे शिकवणारा डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सचा अभ्यासक्रम सुरू होतो, आणि तेथे भाषेचे व्याकरण पाठ असण्यापेक्षा सिद्धता लिहिता येण्याला किंमत असते. अर्ज पाठवून झाल्यावर आणि वर्ग सुरू होण्यापूर्वी जो मोकळा काळ मिळेल, तो आणखी एक प्रोग्रॅमिंग भाषा शिकण्याऐवजी विगमनाने सिद्धता लिहिण्याच्या सरावात घालवावा, असे मी सुचवेन.

आता पदव्यांच्या नावांविषयी. एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संगणक क्षेत्रातील दोन मोठ्या व्यावसायिक संघटना विद्यापीठांसाठी अभ्यासक्रमांच्या शिफारसी तयार करतात. त्यांच्या 2005 च्या अहवालात संगणकविषयक पदव्यांचे पाच प्रकार मानले होते: संगणक अभियांत्रिकी, संगणक विज्ञान, माहिती प्रणाली, माहिती तंत्रज्ञान आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी. 2020 च्या अहवालात त्यांत सायबर सुरक्षा आणि डेटा सायन्स यांची भर पडली. या विभागणीचा आशय स्थूलपणे असा सांगता येतो. संगणक अभियांत्रिकी यंत्राच्या सर्वांत जवळ असते आणि तीत इलेक्ट्रॉनिक्स, प्रोसेसरची रचना, उपकरणांच्या आत बसवलेले संगणक यांचा भाग मोठा असतो. संगणक विज्ञानात अल्गोरिदम, संगणनाचा सिद्धान्त, प्रोग्रॅमिंग भाषा, ऑपरेटिंग सिस्टिम अशा मूलभूत विषयांवर भर असतो. मोठे सॉफ्टवेअर अनेक जणांनी मिळून कसे आखावे, तपासावे आणि वर्षानुवर्षे कसे सांभाळावे, हा सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचा विषय आहे. माहिती तंत्रज्ञानात एखाद्या संस्थेची नेटवर्क, सर्व्हर आणि प्रणाली उभारून चालवण्याचे कौशल्य येते, तर माहिती प्रणालीत त्या तंत्राची व्यवसायाशी सांगड घालण्याचे.

ही विभागणी लक्षात ठेवावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये, कारण आपल्या पदवीला कोणते नाव द्यायचे हे विद्यापीठ ठरवते आणि त्या नावाखाली काय शिकवायचे हेही बऱ्याच अंशी तेच ठरवते. एका ठिकाणची माहिती तंत्रज्ञानाची पदवी दुसऱ्या ठिकाणच्या संगणक विज्ञानाच्या पदवीशी जवळजवळ सारखी निघू शकते, तर संगणक विज्ञान या नावाखाली केवळ चालू साधनांची ओळख करून देणारे अभ्यासक्रमही आढळतात. म्हणून माहितीपत्रकातील आकर्षक परिच्छेद बाजूला ठेवून प्रत्येक विद्यापीठाची वर्षनिहाय विषययादी उतरवून घ्यावी आणि तीत अनिवार्य विषय कोणते व ऐच्छिक कोणते हे वेगळे करावे. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, संभाव्यता, डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम, संगणकाची अंतर्गत रचना, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि नेटवर्क हे विषय अनिवार्य असतील, तर त्या पदवीचा पाया भक्कम आहे असे समजायला हरकत नाही. मग तिसऱ्या वर्षाची यादी पाहावी, कारण पहिले वर्ष बहुतेक ठिकाणी सारखेच असते आणि विद्यापीठाचा खरा कल नंतरच्या वर्षांत दिसतो. कंपायलर, संगणनाचा सिद्धान्त, वितरित प्रणाली, मशीन लर्निंग, संगणक आलेखन यांपैकी काय शिकवले जाते, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला किती श्रेयांक आहेत आणि तो प्रकल्प एकट्याने करायचा की गटाने, हे पाहिल्यावर दोन सारख्या नावांच्या पदव्यांतील फरक उघड होतो.

तुमच्या पत्रावरून मला जे दिसते त्यानुसार तुम्ही संगणक विज्ञानाकडे झुकलेले आहात. जोड्या लावणारा प्रोग्रॅम अडकल्यावर तुम्हाला त्याचा पडदा सुंदर करावासा वाटला नाही किंवा तो सर्व्हरवर कसा चढवायचा असा प्रश्न पडला नाही. सहाला का अडकतो, हेच मनात राहिले. केवळ कृत्रिम बुद्धिमत्तेला वाहिलेली पदवी निवडायची असेल तर तीत रैखिक बीजगणित, संभाव्यता आणि संख्याशास्त्र पुरेसे आहे का ते तपासावे. ते नसेल आणि सध्याच्या साधनांच्या नावांनीच यादी भरलेली असेल, तर मी ती पदवी टाळेन, कारण साधने पदवी हाती पडेपर्यंत बदलतात. दुसऱ्या एखाद्या विषयाची तुम्हाला तितकीच ओढ असेल तर संयुक्त पदव्यांचाही विचार करता येईल. उदाहरणार्थ, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन येथील शाखेत संगणक विज्ञानाबरोबर भाषाविज्ञान किंवा संगीत अशा जोडीच्या पदव्या आहेत.

पदवीच्या मान्यतेबद्दल एकच गोष्ट पाहावी. अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्परमान्यतेसाठी 1989 चा वॉशिंग्टन करार आहे आणि संगणकविषयक पदव्यांसाठी 2008 चा सोल करार आहे. शिक्षण एका देशात आणि पुढील शिक्षण किंवा नोकरी दुसऱ्या देशात करण्याचा विचार असेल, तर निवडलेल्या पदवीला मान्यता देणारी संस्था यांपैकी कोणत्या करारात आहे, हे आधीच विचारून घेतलेले बरे.

शिफारसपत्र गणिताच्या शिक्षकांकडून घ्यावे आणि त्यांना निदान महिनाभर आधी सांगावे. तुमच्या प्रोग्रॅमची हकिगत, आठच्या प्रश्नावर जे काही सापडले असेल त्यासह, एका पानात लिहून त्यांना द्यावी. ‘हुशार व होतकरू’ यापलीकडे काही लिहायला शिक्षकांनाही तपशील लागतो. अंतिम मुदती एका कागदावर लिहून त्या प्रत्येकीच्या आठवडाभर आधीची तारीख स्वतःची मानावी. शुल्कमाफी किंवा शिष्यवृत्तीची मुदत प्रवेशाच्या मुदतीपेक्षा वेगळी आणि अनेकदा आधीची असते, तिकडे विशेष लक्ष द्यावे.

शेवटचा मुद्दा पर्यायांच्या क्रमाचा. संगणक विज्ञानासाठी चुरस मोठी असल्यामुळे, आधी कमी मागणीच्या शाखेत प्रवेश घ्यायचा आणि आत गेल्यावर बदलून घ्यायचे, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. काही विद्यापीठांत विद्यार्थी आधी विद्यापीठात येतो आणि मुख्य विषय नंतर ठरवतो. तेथे हा मार्ग स्वाभाविक आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठासारख्या ठिकाणी मात्र संगणक विज्ञानाच्या स्वतंत्र विद्यालयात थेट प्रवेश दिला जातो आणि नंतर बाहेरून आत येण्याच्या जागा मोजक्या असतात. म्हणून शाखाबदलाचा नियम, त्यासाठी लागणारे गुण आणि उपलब्ध जागा यांची माहिती विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाकडून लेखी मिळवावी, आणि ती समाधानकारक नसेल तर नावाजलेल्या विद्यापीठातील नको असलेल्या शाखेपेक्षा थोड्या कमी प्रसिद्ध विद्यापीठातील, चांगली विषययादी असलेली संगणक विज्ञानाची पदवी पर्यायांच्या यादीत वर ठेवावी.